शिवेवरची वसाहत

मराठींत शीव म्हणजे गांवाची हद्द. मुंबई बेटाच्या उत्तर टोंकास ज्या गांवाला हें नांव पडलें, तें खरोखरच हद्दीवरचें गांव होतें. पुढें खाडी, खाडीपलीकडे साष्टी. अलीकडे इंग्रजांची मुंबई आणि पलीकडे आधीं पोर्तुगीजांचा व नंतर मराठ्यांचा मुलूख. टेकडीवर इंग्रजांनीं सतराव्या शतकांत बांधलेला लहानसा किल्ला अजून उभा आहे. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दींत शीव आणि कुर्लें यांना जोडणारा बांध खाडींत घातला गेला. १७९८ सालीं सुरू झालेलें तें काम १८०५ च्या सुमारास पुरें झालें. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी याच गांवावरून गेली. परंतु गाडी आली म्हणून शहर आलें नाहीं. पुढें जवळजवळ पन्नास वर्षें शीव, माटुंगें, वडाळें हीं गांवें भातखाचरें, ताडामाडांच्या वाड्या, मिठागरें आणि कोळीवाडे अशींच राहिलीं. माटुंग्यास एके काळीं कंपनीच्या तोफखान्याची छावणी होती. ती उठल्यावर तो भाग अधिकच ओसाड झाला. १८९० सालीं शहरांतील निराधार महारोग्यांसाठीं आश्रम काढावयाचा ठरला, तेव्हां म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनीं जागा निवडली ती याच बाजूची. मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे ॲक्वर्थ ते हेच. शहराला जें आपल्या अंगणांत नको असे, तें शिवेवर नेऊन ठेवावें, अशीच त्या काळची रीत होती.

या शिवेचें दैव पालटलें तें एका रोगानें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचें निदान केलें, आणि पुढच्या कांहीं महिन्यांत मुंबई रिकामी होऊं लागली. १८९१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ सालीं ती ७,७६,००६ भरली. त्या वेळच्या अधिकाऱ्यांची व बहुतेक डॉक्टरांची समजूत अशी कीं, हा रोग अंधारांत, ओलींत आणि कोंडलेल्या हवेंत उपजतो. १८९८ सालींच कराचींत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखविलें होतें. पण तें म्हणणें मान्य व्हावयास परळच्या प्रयोगशाळेंत १९०५ नंतर झालेल्या प्रयोगांची वाट पाहावी लागली. तोंवर मुंबईच्या इंजिनिअरांनीं पिसवेविरुद्ध नव्हे, तर काळोखाविरुद्ध मोहीम उघडली होती. चुकीच्या निदानावर दिलेलें औषध कधीं कधीं दुसऱ्याच व्याधीला लागू पडतें. मुंबईचें कांहींसें तसेंच झालें.

लॉर्ड सॅंडहर्स्ट गव्हर्नर असतां १८९८ सालीं कायदा होऊन 'सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' ही संस्था निघाली. म्युनिसिपालिटी होती, मग ही दुसरी संस्था कशाला, असा प्रश्न तेव्हांहि विचारला गेला. सरकारचें उत्तर असें होतें कीं, घरमालकांच्या मतांवर निवडून येणाऱ्या सभेकडून घरमालकांचीं घरें पाडविलीं जाणार नाहींत. या उत्तरांत तथ्य होतें, आणि लोकनियुक्त सभेविषयींचा अविश्वासहि होता. ट्रस्टचें काम दुहेरी होतें. शहराच्या पोटांत घुसून गलिच्छ वस्त्या मोडावयाच्या आणि समुद्राची हवा आंत यावी म्हणून रुंद रस्ते काढावयाचे, हें एक. सॅंडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट हीं त्याचीं ठळक उदाहरणें. उठविलेल्या आणि वाढत्या वस्तीसाठीं उत्तरेकडे मोकळी जमीन तयार ठेवावयाची, हें दुसरें. पहिल्या कामाचा परिणाम लवकर दिसला आणि तो उलटा दिसला: पाडलेल्या घरांतील माणसें दूर न जातां शेजारच्या गल्लींत शिरलीं आणि तेथली गर्दी वाढली. म्हणून दुसऱ्या कामाला महत्त्व आलें. शतक बदलतांना दोन मोठ्या योजना आंखण्यांत आल्या. दादर-माटुंगा ही पांचवी आणि शीव-माटुंगा ही सहावी. ट्रस्टच्या कागदांत त्यांना नांवापेक्षां नंबरानेंच ओळखीत, आणि ती सवय पुढें रहिवाशांच्या तोंडींहि बसली.

योजना नकाशावर कोऱ्या दिसत, जमीन मात्र कोरी नव्हती. प्रत्येक खाचराला धनी होता, धन्याखालीं कसणारा होता, आणि फोरास, टोका, इनाम अशा नाना प्रकारच्या धारापद्धतींनीं ती जमीन बांधलेली होती. एकाच वाडींत जमीन एकाची, माड दुसऱ्याचे आणि झोंपडी तिसऱ्याची असा प्रकार या बेटावर नवा नव्हता. ट्रस्टला हें सारें एका हातांत आणावयाचें होतें, आणि तेंहि स्वस्तांत; कारण जमीन महाग पडली तर भाडें महाग होणार आणि मूळ हेतूच बुडणार. १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्याप्रमाणें जमिनीची किंमत संपादनाच्या जाहिरनाम्याच्या दिवशीं जी असेल ती द्यावयाची. ज्या कामासाठीं जमीन घेतली त्या कामामुळें पुढें वाढणारी किंमत जमेस धरावयाची नाहीं. ट्रस्ट म्हणे, हीं भाताचीं शेतें आहेत, यांना भाताच्या शेताचा भाव. मालक म्हणत, शहर दाराशीं येऊन ठेपलें आहे, उद्यां येथें बंगले उठणार हें तुम्हांलाहि ठाऊक आहे आणि आम्हांलाहि. मग भाव भाताचा कां? अशा तंट्यांसाठीं कायद्यानें निराळें न्यायमंडळ नेमलें होतें, आणि त्यापुढें ट्रस्टच्या पहिल्या वर्षांतील बराच वेळ व पैसा खर्च झाला.

हा वाद केवळ वकिलांचा नव्हता. शेताचें 'बांधणीची जमीन' होणें म्हणजे काय, आणि त्या बदलानें निर्माण झालेली किंमत कोणाची, हा त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न. जमिनीचा धनी निदान न्यायमंडळापुढें उभा तरी राहूं शकला. कसणाऱ्या कुणब्याला, आगऱ्याला, वाडींत ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याला बहुधा तेंहि साधलें नाहीं. १९१५ सालीं मुंबई इलाख्यासाठीं नगररचनेचा जो कायदा झाला त्यांत याहून सौम्य मार्ग काढला गेला. सर्व मालकांच्या जमिनी एकत्र करावयाच्या, रस्ते काढावयाचे, आणि उरलेली जमीन आकार बदलून ज्याची त्याला परत द्यावयाची, असा तो मार्ग. वांद्रें, सांताक्रूझ हीं उपनगरें पुष्कळशीं त्या पद्धतीनें वाढलीं. शीव-माटुंग्याला तो कायदा उशिरा आला. तेथें एकच धनी झाला आणि तो ट्रस्ट.

एकच धनी असल्याचा एक मोठा लाभ मात्र आंखणीला मिळाला. गिरगांव, भुलेश्वर, मांडवी या भागांत रस्ता म्हणजे घरें बांधून उरलेली जागा; येथें आधीं रस्ता झाला आणि मग घर. सखल जमिनींत भर घालून ती उंच करण्यांत आली, पावसाच्या पाण्याचीं व मैल्याचीं गटारें घालण्यांत आलीं, आणि नंतर भूखंड पाडण्यांत आले. तानसा तलावाचें पाणी १८९२ सालापासून मुंबईस मिळूं लागलें होतें. दादरहून उत्तरेकडे जाणारा मोठा रस्ता, त्यावर किंग्ज सर्कलचें विस्तीर्ण वर्तुळ, त्या वर्तुळाला येऊन मिळणारे रस्ते, आणि आडवे-उभे लहान मार्ग, अशी ही रचना होती. दादरच्या पूर्वेस पांच बागांचा समूह राखण्यांत आला; फाइव्ह गार्डन्स या नांवानें तो आज सर्वांना परिचित आहे. प्रत्येक रस्त्याला रुंदी ठरलेली, प्रत्येक घराला रस्त्यापासून किती मागें सरावयाचें तें ठरलेलें, आणि बहुतेक ठिकाणीं तळमजला धरून तीन मजल्यांवर जावयाचें नाहीं हेंहि ठरलेलें. जमीन विकावयाची नाहीं, दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें द्यावयाची. म्हणजे अट मोडणाऱ्याला पट्ट्याच्या जोरावर आवरतां येई. म्युनिसिपालिटीच्या सामान्य नियमांपेक्षां ट्रस्टच्या अटी कडक होत्या, आणि त्या पाळल्या जात, याचें कारण हा पट्टा.

या अटींमागें एक साधी भूमिति होती. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ सालीं मुंबईंतील घरांतला उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिलें. त्यांत साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा त्यांनीं आग्रह धरला. हा आंकडा लंडनच्या १८९४ च्या इमारतींच्या कायद्यांत पूर्वींच आलेला होता. त्याचा अर्थ असा: खोलीच्या खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूस साडेत्रेसष्ट अंशांनीं वर चढणारी एक रेघ कल्पावी, समोरच्या इमारतीनें ती रेघ कोठेंहि अडवूं नये. हिशेब केला तर उंचीच्या निम्मी जागा मोकळी राहिली पाहिजे असें निघतें. समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल तर मधलें अंतर वीस फूट. मांडवींतील ज्या घरगल्ल्यांत दोन माणसें एकमेकांस ओलांडूं शकत नसत, तेथें हा नियम म्हणजे स्वप्नच होतें. शहराच्या जुन्या भागांत नियम लावावयाचा तर अर्धें शहर पाडावें लागलें असतें. शीव-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर मात्र तो कागदावरून जसाच्या तसा उतरवितां आला. आजहि माटुंग्याच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या बाजूच्या पट्टींत उभें राहून वर पाहिलें असतां जें आभाळ दिसतें, तें या कोनानें राखून ठेवलेलें आहे.

इतकें सारें सिद्ध झालें आणि तरीहि माणसें येईनात. ही या वसाहतीच्या इतिहासांतील चमत्कारिक गोष्ट आहे. रस्ते होते, दिवे होते, गटारें होतीं, आणि मधल्या भूखंडांवर गवत होतें. पहिलें महायुद्ध आलें, सामान महागलें. युद्धानंतर थोडी तेजी आली आणि ओसरली. १९२१ सालीं शहराची वस्ती ११,७५,९१४ होती, ती १९३१ सालीं ११,६१,३८३ वर आली, म्हणजे दहा वर्षें शहर जागच्या जागींच राहिलें. पैशाइतकीच अडचण अंतराची होती. फोर्टांतल्या कचेरींत दहाच्या ठोक्याला हजर राहणारा कारकून किंग्ज सर्कलला राहावयास जाईल, ही कल्पना ट्राम व विजेची गाडी येईपर्यंत हास्यास्पद वाटे. १९२५ च्या फेब्रुवारींत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्लें ही हार्बर मार्गाची गाडी विजेवर धांवूं लागली; पाठोपाठ मुख्य मार्गहि विजेचे झाले; १९२६ सालीं मोटार-बस सुरू झाली. ट्रामचे रूळ दादरच्या पुढें किंग्ज सर्कलपर्यंत गेले. दादरच्या खोदादाद सर्कलला लोक अजून दादर टी. टी. म्हणतात; त्यांतील एक 'टी' ट्रामचा आहे, जरी मुंबईची शेवटची ट्राम १९६४ सालींच बंद झाली. १९२३ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट माटुंग्यास आली. १९३७ सालीं रुइया व खालसा हीं दोन कॉलेजें निघालीं. मुलांच्या शिक्षणासाठीं घर बदलणारा वर्ग मुंबईंत तेव्हां वाढत होता, आणि तो इकडे पाहूं लागला.

पण तो वर्ग कसल्या घरांत राहावयास आला? येथें योजना आणि वस्तुस्थिति यांची फारकत झाली. १८९८ सालींच, ज्या वर्षीं ट्रस्ट निघाला त्याच वर्षीं, विलायतेंत एबेनेझर हॉवर्ड यांनीं उद्याननगराची कल्पना मांडणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. १९०३ सालीं लेचवर्थ येथें त्या कल्पनेचें पहिलें नगर वसूं लागलें. प्रत्येक कुटुंबाला घर आणि घराला बाग, हें चित्र त्या पिढीच्या इंजिनिअरांच्या डोळ्यांपुढें होतें. मुंबईचा मध्यमवर्ग मात्र बंगल्याचा धनी नव्हता, भाडेकरू होता. त्याला एका बाजूस चाळ ठाऊक होती आणि दुसऱ्या बाजूस, दुरून, मलबार हिलवरचा बंगला. भूखंड पट्ट्यानें घेणारे होते ते लहान-मोठे व्यापारी, कंत्राटदार, निवृत्त अधिकारी. त्यांना स्वतःस राहावयास एक मजला पुरे होता आणि बाकीच्या मजल्यांचें भाडें हवें होतें. या दोघांच्या गरजेंतून जें निघालें तें बंगला नव्हे, चाळहि नव्हे. त्याला मराठी माणसानें 'ब्लॉक' हें नांव दिलें.

चाळींत खोल्या एका ओळींत, पुढें सामाइक गॅलरी, आणि नळ व संडास गॅलरीच्या टोंकाला. ब्लॉकचें दार एकदां लावलें कीं आंत दोन-तीन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि संडाससुद्धां. आज हें सांगण्यासारखें वाटत नाहीं. त्या वेळीं मात्र यावर घरोघर खल झाला असला पाहिजे. ज्या घरांत सोंवळ्यांत स्वयंपाक व्हावयाचा, त्याच घराच्या छपराखालीं, चार पावलांवर शौचकूप, ही गोष्ट जुन्या मंडळींना सहजासहजीं पटण्यासारखी नव्हती. नकाशे काढणाऱ्यांनीं यावर जो तोडगा काढला तो इमारतींच्या मागल्या अंगाला अजून पाहावयास सांपडतो. संडास घराच्या मागच्या टोंकाला, मधें लहानशी मोकळी गॅलरी, आणि सफाई करणाऱ्यासाठीं बाहेरून चढणारा लोखंडी गोल जिना. म्हणजे त्यानें घरांत पाऊल न टाकतां यावें आणि जावें. पुढें पाण्याची टांकी व साखळी आली, मैला नळांतून वाहूं लागला, आणि संडास हळूहळू घराच्या आंत सरकला. तो गोल जिना मात्र राहिला. नव्या घराची सोय आणि जुन्या समाजाची अस्पृश्यता यांची तडजोड कशी झाली होती, हें त्या गंजलेल्या लोखंडाइतकें स्पष्ट दुसरें कांहीं सांगत नाहीं.

बांधकामाची रीतहि याच वर्षांत बदलली. लाकडी तुळया व विटांच्या जाड भिंती जाऊन सिमेंट-काँक्रीट व लोखंडी सळ्या आल्या. त्यामुळें खिडक्या रुंद करतां आल्या, गॅलरीचे कोपरे गोल करतां आले, आणि खांबांवांचून छज्जे पुढें काढतां आले. मरीन ड्राइव्हवर श्रीमंतीनें मिरविणारी ही नवी शैली माटुंग्यास व हिंदु कॉलनींत साध्या पोषाखांत आली. १९३७ सालीं वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेनें टाउन हॉलमध्यें आदर्श घराचें प्रदर्शन भरविलें. पुण्याचे इंजिनिअर आर्. एस्. देशपांडे यांचीं, मध्यमवर्गाला परवडणारीं व हवेशीर घरें कशीं बांधावीं हें सांगणारीं पुस्तकें याच दशकांत घरोघर चाळलीं जाऊं लागलीं. घर हा आतां आवडीनिवडीचा विषय झाला होता. एका खोलींत सहा माणसें झोंपतात तेथें आवडीनिवडीला जागा कोठून असणार?

बागेचें काय झालें, हें सांगावयास हवें. घराभोंवतीं सोडलेल्या ज्या पट्टींत बाग व्हावी अशी अपेक्षा होती, ती पट्टी अनेक भाडेकरूंची सामाइक झाली, आणि सामाइक बाग कोणीच लावीत नाहीं. तेथें मुलें खेळलीं, सायकली टेकल्या, पुढें मोटारी उभ्या राहिल्या. झाडें राहिलीं तीं रस्त्याच्या कडेला आणि सार्वजनिक बागांत. बागेचा खर्च व कौतुक दोन्ही कुटुंबाकडून नगरपालिकेकडे गेलें. मुंबईसारख्या शहरांत हें वाईट झालें असें म्हणतां येत नाहीं. १९३३ सालीं ट्रस्टच म्युनिसिपालिटींत विलीन झाला, आणि रस्ते, बागा, पट्टे सारें तिच्याकडे आलें.

वसाहत जसजशी भरली तसतशी ती आपोआप गटांत विभागली. पारशांसाठीं ट्रस्टकडून शंभरांहून अधिक भूखंड राखून घेण्याचें काम मंचरजी जोशी या इंजिनिअर गृहस्थानें चिकाटीनें केलें, आणि दादरची पारशी कॉलनी झाली. तिच्या शेजारीं हिंदु कॉलनी. किंग्ज सर्कलच्या आसपास दक्षिणेकडून आलेले तमिळ, मल्याळी, कानडी कुटुंबीय; त्यांतले पुष्कळ रेल्वेंत, सरकारी कचेऱ्यांत व व्यापारी पेढ्यांत लघुलेखक किंवा हिशेबनीस. गिरगांवांत त्यांच्या ओळखीचें कोणी नव्हतें. जुन्या चाळींत खोली ओळखीवर मिळे, नव्या ब्लॉकला पगाराची पावती पुरत असे. १९३२ सालीं त्यांनीं साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली, १९४२ सालीं माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायक यांचें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झालें, आणि केळीच्या पानावरील भातसांबाराची मुंबईकरांना गोडी लागली. रस्त्यांच्या नांवांत मात्र गेल्या शतकांतील विद्वान बसले: भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर. तमिळ मुलानें तेलंग रोडवर राहून गुजराती वाण्याकडून सामान आणावें आणि मराठी शिक्षकाकडे शिकवणीस जावें, हें माटुंग्यास सहज घडत आलें.

या वसाहतीच्या दोन टोंकांमधला प्रवास एका घराण्यानें केला, तो येथें सांगण्याजोगा आहे. ट्रस्टनें गिरणगांवांत कामकऱ्यांसाठीं चाळीहि बांधल्या होत्या. परळच्या अशाच एका चाळींत, पहिल्या नंबरच्या इमारतींत, डॉ. भीमराव आंबेडकरांच्या कुटुंबाचें बिऱ्हाड १९१२ पासून वीसांहून अधिक वर्षें होतें. तेथें पुस्तकांना जागा पुरेना. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं हिंदु कॉलनींत 'राजगृह' बांधलें, तें राहावयासाठीं तितकेंच ग्रंथांसाठीं. चाळ ट्रस्टची आणि कॉलनीची जमीनहि ट्रस्टची. पण एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्यांची संख्या फार थोडी होती. ज्या राजमार्गाला कधीं काळीं किंग्जवे म्हणत, त्याला आज डॉ. आंबेडकरांचें नांव आहे.

मांडवी आणि नागपाड्याच्या ज्या कुटुंबांच्या मरणानें ट्रस्ट जन्मास आला, तीं कुटुंबें शीव-माटुंग्यास आलीं नाहींत, येऊं शकलींहि नसतीं. बंदरावर पहांटे कामास जाणाऱ्या हमालाला ट्रामचें भाडें नको होतें, बंदर जवळ हवें होतें. आणि ब्लॉकचें मासिक भाडें त्याच्या महिन्याच्या कमाईला भारी होतें. मजुरांसाठीं १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी, डिलाइल रोड येथें २०७ काँक्रीटच्या चाळी उठविल्या. त्यांत कोन साडेत्रेसष्ट अंशांचा राहिला असेल, पण खोली एकच राहिली. आणि शिवेच्या रुळांपलीकडे, ट्रस्टची रेघ जेथें थांबली तेथें, धारावी होती. चामडें कमावणारे, कुंभार, कोळी, शहरानें बाहेर ढकललेले सगळे तेथें आले आणि आंखणीवांचून, गटारावांचून त्यांनीं आपली वस्ती उभी केली. एकाच स्टेशनाच्या दोन अंगांना एकाच शहरानें घडविलेल्या या दोन वसाहती आहेत. एकीची प्रत्येक खिडकी मोजून काढलेली, आणि दुसरीकडे मोजणी करणारा गेलाच नाहीं.

स्वतः शीव सर्वांत शेवटीं भरली. माटुंगें १९३० नंतर झपाट्यानें वाढलें, तेव्हांहि शिवेस रिकामे भूखंड पुष्कळ होते. दुसऱ्या महायुद्धांत लष्कर येऊन बसलें. त्याच्या बराकींतून १९४७ सालीं शीवचें इस्पितळ सुरू झालें, तेंच पुढें लोकमान्य टिळकांच्या नांवानें मोठें झालें. फाळणीनंतर सिंध व पंजाबांतून आलेल्या निर्वासितांना कोळीवाड्याच्या बाजूस आसरा मिळाला. १९५० सालीं आणि पुन्हां १९५७ सालीं मुंबईची हद्द उत्तरेकडे सरकली, मुलुंड-दहिसरपर्यंत गेली, आणि शीव ही शीव राहिली नाहीं. त्यानंतर बांधकामाचें माप कोनानें नव्हे, तर चटई-क्षेत्राच्या आंकड्यानें ठरूं लागलें. १९९१ च्या नियमांनीं तो हक्क एका जागेवरून दुसऱ्या जागेवर विकतां येऊं लागला, आणि तीन मजल्यांच्या ओळींत मधेंच वीस-वीस मजले उठले. जुन्या पट्ट्यांच्या अटी, जुन्या भाडेकरूंचे हक्क आणि जमिनीची नवी किंमत यांचे दावे चालूच आहेत. १९०० च्या सुमारास भाताच्या खाचरावरून जो वाद झाला होता, त्याच जमिनीवर तोच वाद आतां चौरस फुटांच्या भाषेंत होतो.

शिवेच्या कित्येक रस्त्यांना अजून विद्वानाचें नांव मिळालेलें नाहीं. ते नंबरांचेच राहिले आहेत, आणि पत्रावर पत्ता लिहितांना तेथला रहिवासी आजहि लिहितो: रोड नंबर चोवीस, स्कीम नंबर सहा, शीव.